आभाळातली ऊ : घरच्या घरी विमान बांधायला शिकवणारे आंरी मिन्ये

फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेत आज हजारो माणसं घरामागच्या शेडमध्ये किंवा गॅरेजात स्वतःच्या हातानं विमान बांधतात, सरकारी कागद हातात घेतात आणि रविवारी ते उडवतात. या हौशींच्या मोठमोठ्या संघटना आहेत. त्यांची वर्गणी असते, तपासनीस असतात, वार्षिक मेळावे असतात, आणि कुठल्याही मंडळात असतात तशी भांडणंही असतात. हे सगळं सुरू करणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिल्या दोन-चारांत घ्यावं लागतं, ते आंरी मिन्ये. गंमत अशी की ज्या माणसामुळे या हौशी चळवळीला बाळसं आलं, त्याच माणसाच्या विमानामुळे ती जवळजवळ मेलीही होती.

मिन्ये यांचा जन्म १८९३ चा, पश्चिम फ्रान्समधल्या सेंत या गावचा. शिक्षणानं आणि पोटापाण्यानं ते वैमानिक नव्हते, विमान अभियंतेही नव्हते. रेडिओ हा त्यांचा विषय. पहिल्या महायुद्धात त्यांनी रेडिओचंच काम केलं. पण डोक्यात लहानपणापासून पक्षी आणि पंख. तरुणपणी त्यांनी जर्मनीत गुस्ताफ लिलिएंथाल यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. ग्लायडर उडवताना जीव गमावलेल्या ऑटो लिलिएंथाल यांचे हे भाऊ. १९१२ च्या सुमारास मिन्ये यांनी पहिलं यंत्र बांधलं. मग दुसरं, मग तिसरं. नावाच्या आद्याक्षरांवरून ते आपल्या यंत्रांना क्रमांक देत : एचएम-१, एचएम-२ असे. खऱ्या अर्थानं नीट उडालं ते एचएम-८, आणि ते साल होतं १९२८. म्हणजे सोळा वर्षं लाकूड, कापड, सरस आणि स्वतःचा पगार या नादात घालवल्यावर.

त्यांनी रेडिओच्या जगातून एक गोष्ट उचलली होती, आणि पुढचं सगळं समजायला ती महत्त्वाची आहे. त्या काळात घरी ट्रान्समीटर बांधणाऱ्या हौशींचं जाळं उभं राहिलं होतं. एकमेकांना नकाशे पाठवायचे, चुका सांगायच्या, दुकानाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. विमानाच्या बाबतीतही हेच करता येईल असं मिन्ये यांना वाटलं. विमानोड्डाण त्या वेळी दोनच प्रकारच्या लोकांचं होतं : लष्कराचं आणि श्रीमंतांचं. फ्लाइंग क्लबात जायचं तर खिसा भरलेला हवा. मिन्ये यांनी ‘लेझेल’ या विमानविषयक साप्ताहिकात लेख लिहून उलटा प्रश्न टाकला की सामान्य माणसाला विमान बांधून उडवता का येऊ नये? एचएम-८ कसं बांधायचं ते त्यांनी पुस्तिका काढून सांगितलंही. लोकांनी बांधायला घेतलं.

पण त्यांचं स्वतःचं समाधान झालं नव्हतं. नेहमीचं विमान उडवताना एका हातानं दांडा धरायचा आणि दोन्ही पायांनी सुकाणू सांभाळायचं, या कसरतीत त्यांचा स्वतःचा गोंधळ व्हायचा. दुसरा कोणी असता तर त्यानं चार शिकवण्या जास्त घेतल्या असत्या. मिन्ये यांनी विमानच बदलायचं ठरवलं. १९३३ साली पत्नी ॲनेट यांच्यासह ते सॉसोंजवळच्या एका रानात तंबू ठोकून राहिले आणि तिथे नवं यंत्र पारखत बसले. १० सप्टेंबर १९३३ रोजी एचएम-१४ जमिनीवरून उचललं गेलं.

हे यंत्र दिसायला विचित्र होतं. लांबी जेमतेम साडेतीन मीटर, पंखांचा विस्तार सहा मीटर, इंजिन मोटरसायकलच्या ताकदीचं. पुढे एक पंख, त्याच्या मागे आणि थोडा खाली जवळपास तसाच दुसरा पंख, आणि शेवटाला भलंमोठं सुकाणू. पायांनी काहीच करायचं नाही. दांडा डावीकडे-उजवीकडे हलवला की सुकाणू वळतं, मागे ओढला की पुढचा पंख अख्खाच्या अख्खा वर कलतो आणि विमान चढतं. त्यांनी त्याला नाव दिलं ‘पू द्यू सिएल’, म्हणजे सरळ मराठीत आभाळातली ऊ. इंग्रजांना हे नाव जरा किळसवाणं वाटलं असावं, त्यांनी उवेची पिसू केली. इंग्रजीत हे विमान ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणून ओळखलं जातं ते त्यामुळे.

नोव्हेंबर १९३४ मध्ये मिन्ये यांचं ‘ल स्पोर द लेर’ हे पुस्तक आलं, आणि तिथून वेड सुरू झालं. पुस्तकात विमानाचे नकाशे होते, मापं होती, कुठला खिळा कुठे ठोकायचा तेही होतं. पण त्याहून मोठी होती ती भाषा. तज्ज्ञांची थट्टा, वाचकाच्या पाठीवर थाप, आणि ज्याला लाकडी खोकं ठोकता येतं त्याला विमानही जमेल असा भरवसा. सुतारकाम जाणणाऱ्या, पण विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहूनच विमानं बघणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी आत बोलावत होतं. या आमंत्रणाची किंमत कमी लेखू नये. पुढे जे झालं त्यानंतरही नाही.

ब्रिटनमध्ये या प्रकरणाला हात दिला तो एअर लीग ऑफ द ब्रिटिश एम्पायर या संघटनेनं. देशात विमानोड्डाणाची आवड वाढावी यासाठी ती काम करायची. एअर कमोडोर चेमिअर हे तिचे सूत्रधार. त्यांना मिन्ये यांच्या पुस्तकात आपलं ध्येय दिसलं. १९३५ मध्ये लीगनं पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि ते हातोहात खपलं. त्याच ऑगस्टमध्ये मिन्ये स्वतः आपल्या उवेत बसून इंग्लिश खाडी ओलांडून आले. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं! गावोगाव गॅरेजांतून करवतींचे आवाज यायला लागले.

सरकारपुढे मात्र पेच होता. कारखान्यात बनलेल्या विमानासाठी जे प्रमाणपत्र लागायचं ते अशा घरगुती यंत्राला कधीच मिळालं नसतं. हवाई मंत्रालयानं मग एक मधला कागद काढला : उडण्याची परवानगी, तीही मर्यादित. जुलै १९३५ मध्ये स्टीफन ॲपलबी यांच्या विमानाला ती मिळाली. पुढे शंभराहून अधिक उवांना ती दिली गेली. हा कागद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

इथे एक गोष्ट कोणी नीट विचारलीच नाही. लीगनं पुस्तक विकलं, मेळावे भरवले, लोकांना उत्साह दिला. पण हे विमान प्रत्येक अवस्थेत सुरक्षित आहे का, हे तपासणं कोणाचं काम होतं? मंत्रालयाला वाटलं, हौशींचं ते हौशी बघतील. हौशींना वाटलं, एवढी मोठी संघटना मागे आहे म्हणजे पाहिलंच असेल. आणि मिन्ये यांची श्रद्धा आपल्या रानातल्या चाचण्यांवर होती. लग्नघरात प्रत्येकाला वाटतं की आचाऱ्याला निरोप दुसऱ्यानं दिलाय, तसंच हे.

मग माणसं मरायला लागली. फ्रान्समध्ये आणि ब्रिटनमध्येही. प्रकार प्रत्येक वेळी साधारण सारखाच : विमान नाक खाली करून सूर मारतं आणि वर येतच नाही. सुरुवातीला नवशिक्यांच्या अंगाशी आलं असं म्हणून वेळ निभावली. पण १९३६ च्या एप्रिल-मेमध्ये ब्रिटनमध्ये ज्यांचा जीव गेला त्यांत हवाई दलातले कसलेले अधिकारी होते. त्यांना उडवता येत नव्हतं असं म्हणायची कोणाची छाती होणार?

शेवटी पूर्ण आकाराची ऊ प्रचंड मोठ्या वायुबोगद्यात ठेवून तपासण्यात आली. इंग्लंडमध्ये फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदाँला. दोष सापडला, आणि तो फार क्रूर होता. दोन पंखांमधली फट कमी होती. विमान जास्त खाली झुकलं की वैमानिक साहजिकच दांडा मागे ओढणार. दांडा ओढला की पुढच्या पंखाची मागची कड खाली येणार, फट आणखी अरुंद होणार, त्या फटीतून हवा जोरात मागच्या पंखावरून जाणार आणि मागचाच पंख जास्त उचलला जाणार. म्हणजे शेपूट वर, नाक आणखी खाली. ठरावीक कोनाच्या पलीकडे गेल्यावर सुटका नाही. माणूस जीव वाचवायला जे करत होता, तेच त्याला मारत होतं.

ब्रिटनमध्ये उवेचे दिवस तिथेच संपले. नव्या परवानग्या बंद झाल्या, ऑगस्ट १९३६ मध्ये रॅम्सगेटला झालेली उवांची शर्यत ही जणू निरोपाची ठरली, आणि अर्धवट बांधलेली कितीतरी विमानं गॅरेजांच्या आढ्याला टांगली गेली. एअर लीगचा उत्साहही ओसरला. चेमिअर पुढे तरुणांच्या हवाई छात्र पथकांकडे वळले आणि तिथे त्यांनी मोठं काम केलं. फ्रान्समध्ये बदल करून विमान पुन्हा उडू लागलं, पण पहिली हवा राहिली नाही.

मिन्ये यांच्यावर तेव्हा काय गुदरलं असेल ते सांगायला नको. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून माणसं वर गेली होती. त्यांच्यावर बेजबाबदारपणाचा ठपका ठेवणारे आजही आहेत, आणि तो पूर्ण खोडता येत नाही : ज्या अवस्थेत स्वतः विमान नेलं नव्हतं, त्या अवस्थेबद्दल त्यांनी लोकांना निर्धास्त केलं होतं. पण दोष कळल्यावर त्यांनी तोंड फिरवलं नाही. पंखांमधलं अंतर, तोल, पंखाचा आकार हे सगळं ते पुन्हा मांडत राहिले. पुढची तीसेक वर्षं ते याच दोन पंखांच्या कल्पनेला धरून राहिले. काही काळ त्यांनी अमेरिकेत जाऊन तिथे हे विमान रुजवायचा प्रयत्न केला. युद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, त्या रानातल्या तंबूत त्यांच्यासोबत राहिलेल्या ॲनेट गेल्या. त्यानंतर मिन्ये फ्रान्सबाहेर पडले आणि अर्जेंटिना, जपान, मोरोक्को असे देश फिरत जिथे कोणी ऐकेल तिथे नवी ऊ बांधत राहिले. १९४६ च्या सुमारास आलेलं त्यांचं एचएम-२९० हे विमान सुधारलेलं होतं, आणि फ्रेंच हौशींनी ते आवडीनं बांधलं.

तोवर हौशींच्या संघटनांचा नूर बदलला होता. १९४६ साली ब्रिटनमध्ये अल्ट्रा लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन उभी राहिली, तीच १९५२ मध्ये पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन झाली. आता संघटना नुसती टाळ्या वाजवणारी नव्हती. तिचा तपासनीस तुमच्या शेडमध्ये येऊन लाकडाचा जोड बघणार, सरसाचा नमुना मागणार, नकाशा तिच्या अभियंत्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही. बांधणारे कुरकुरले, अजूनही कुरकुरतात. पण सरकारनं या लोकांवर विश्वास टाकला तो या तपासणीमुळेच. फ्रान्समध्येही युद्धानंतर हौशींचं जाळं, म्हणजे ‘रेझो द्यू स्पोर द लेर’, नव्यानं बांधलं गेलं. या नावात मिन्ये यांच्या पुस्तकाचं नाव सहज ऐकू येतं. अमेरिकेत १९५३ च्या जानेवारीत मिल्वॉकीत पॉल पोबेरेझ्नी आणि मित्रमंडळींनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली.

ज्यांना विमानतळाच्या कुंपणाबाहेर ठेवलं होतं, त्यांच्यासाठी निघालेल्या या संघटना पुढे इतक्या मोठ्या झाल्या की आता काही जुन्या सभासदांना त्यांच्याच मेळाव्यात परकं वाटतं. अमेरिकन संघटनेचा मेळावा १९७० पासून ऑशकॉशला भरतो. तिथे लढाऊ विमानांच्या कसरती, मोठ्या कंपन्यांचे तंबू, महागडे किट असं सगळं असतं. खोक्यातून आलेले तयार भाग जोडणारा बांधणारा मानायचा का, हा वाद जुनाच आहे. अमेरिकेचा नियम सांगतो की विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशीनं स्वतः केलेलं हवं. करवत घेऊन बसणाऱ्यांना मात्र वाटतं की संघटनेचं लक्ष आता करवतीवर राहिलेलं नाही.

मिन्ये यांनी यातलं फारसं पाहिलं नाही. आयुष्याच्या शेवटी ते फ्रान्सला परतले आणि ३१ ऑगस्ट १९६५ रोजी बोर्दोजवळ पेसाक इथे वारले. वय ७१. त्यांच्या विमानाच्या जुन्या प्रती ब्रिटनच्या कितीतरी संग्रहालयांत छताला लटकलेल्या दिसतात, कारण त्यांना उडवायची परवानगी नाही. वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयातही १९३५ मध्ये बांधलेली एक आहे. फ्रान्समध्ये मात्र सुधारलेल्या उवा उडतात आणि त्यांचे मालक दरवर्षी एकत्र जमतात. आणि ॲपलबींच्या विमानासाठी काढलेला तो मधला कागद? ब्रिटनमध्ये घरी बांधलेलं विमान आजही त्याच धर्तीच्या परवान्यावर उडतं, फक्त आता त्याआधी संघटनेच्या तपासनीसाची सही लागते.