कवीश्वरबासांचे दोन ग्रंथ

डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातील गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. त्याच परभणी जिल्ह्यातील बोरी, म्हणजे कासारबोरी, हे कवीश्वर भास्करभट्टांचे गाव. तेथूनच त्यांना बोरीकर हे नाव पडले. आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्यांचे शिष्यत्व पत्करून ते परमार्गात आले, तेव्हा संस्कृत काव्यशास्त्राचे पांडित्य त्यांच्याजवळ होते. अनुसरण घेतल्याने घरदार सुटते, पण विद्येचा अभिमान तितक्या लवकर सुटत नाही.

त्यांचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे शिशुपालवध, ओव्या १०८७. कथा मुळात क्षमेचीच आहे. आत्याला दिलेल्या शब्दाखातर शिशुपालाचे शंभर अपराध श्रीकृष्णचक्रवर्तींनी सोसले आणि मर्यादा ओलांडल्यावरच शासन केले, असे महाभारत सांगते. परंतु कवीचे मन द्वारकेच्या वैभवात, रुक्मिणीच्या प्रेमकलहात रमले आणि ओव्याही तेथेच बहरल्या. वाङ्मयाचे अभ्यासक आजही या ग्रंथाकडे अधिक ओढले जातात. काव्य म्हणून पाहता त्यात त्यांची चूक नाही.

ग्रंथ सिद्ध झाल्यावर तो एका गुरुबंधूंना दाखविला गेला. त्यांनी तो चांगला झाल्याचे मान्य केले, पण तो शृंगार आवडणाऱ्या प्रवृत्तांच्या कामाचा आहे, निवृत्तांच्या उपयोगी पडणारा नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला. हा प्रसंग पंथात पुष्कळदा सांगितला जातो, पण त्यातील अवघड जागा सहसा निसटते. आचार्यांची आज्ञा पाळणे त्या मानाने सोपे, कारण तेथे अधिकार मान्यच असतो. येथे बोलणारा बरोबरीचा होता आणि बोल सहस्र ओव्यांच्या श्रमावर पडला होता. अशा वेळी पंडित प्रतिवाद करतो, नाहीतर मनात अढी धरतो. कवीश्वरांनी दोन्ही केले नाही. आपल्या धर्माचीच आज्ञा गुरुबंधूंच्या मुखाने आली, असे जणू समजून ते पुन्हा शास्त्राकडे वळले.

या वेळी त्यांनी भागवताचा एकादश स्कंध घेतला. त्यातील अवधूताच्या चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी आहे. प्राणी तिला तुडवितात, तरी ती आपल्या मार्गावरून ढळत नाही, म्हणून तिच्यापासून क्षमा शिकावयाची. पुढे अवंतीचा तो कृपण ब्राह्मण येतो. धन गेल्यावर तो भिक्षू झाला. लोक त्याचा दंड, पात्र हिसकावून घेत, भिक्षान्न विटाळीत. त्याने दोष लोकांना दिला नाही, ग्रहांना नाही, काळालाही नाही. सुखदुःखाचे चक्र आपले मनच फिरविते, असे तो म्हणाला. गावोगाव भिक्षा मागून राहणाऱ्या साधकाला हे प्रकरण निराळे समजावून सांगावे लागत नाही. आणि शेवटी उद्धव. श्रीकृष्णांचे सन्निधान सोडवत नसताही आज्ञा झाली म्हणून तो त्यांच्या पादुका मस्तकी धरून बदरिकाश्रमाकडे निघतो. श्रीचक्रधरांच्या वियोगानंतर त्यांच्याच आज्ञेने श्रीनागदेवाचार्य ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले होते. त्यांच्या शिष्याला उद्धवाचे ते निघणे केवळ पुराणातील कथा वाटणे शक्य नव्हते.

या अध्ययनातून उद्धवगीता झाली, ओव्या ८२७. अलंकारांची हौस येथे आवरती आहे. ज्याच्या लेखणीला ती सहज साध्य होती त्याने ती आवरली, हे विसरून ही टीका वाचली तर ती उगाच साधी वाटेल.

श्रीनागदेवाचार्यांच्या पश्चात बाइदेवबास आणि त्यांच्यानंतर कवीश्वरबास आचार्यपदी आले. ज्याने बोल ऐकून घेतला होता, त्याच्यावरच आता इतरांना बोल देण्याचे काम आले. त्यांच्या नावाने कवीश्वर आम्नाय चालत आला आहे. शिशुपालवधही टाकून दिला गेला नाही. पंथाने साती ग्रंथांत उद्धवगीतेबरोबर त्यालाही स्थान दिले.