न पाहिलेल्या वाटेचा हिशेब

१८९६ च्या जानेवारीत नॉर्वेतील हार्डांगरविद्दा या उंच, निर्मनुष्य पठारावर दोन भाऊ स्कीवरून निघाले. पठार ओलांडायला फार तर दोन दिवस लागतील, असा त्यांचा अंदाज होता. शिधा त्या मानानेच घेतलेला, तंबू तर नव्हताच. हिमवादळाने त्यांना गाठले, वाट चुकली, जवळचे खाणे गेले. एका रात्री धाकट्याने वाऱ्यापासून आडोसा म्हणून बर्फात खबदाड खोदले आणि त्यात शिरून तो झोपी गेला. जाग आली तेव्हा भोवतीचा ओला बर्फ दगडासारखा गोठला होता आणि त्याला हातही हलवता येत नव्हता. थोरल्या लिऑनने त्याला उकरून बाहेर काढले, म्हणून तो वाचला. हा धाकटा भाऊ म्हणजे रोआल्ड अमुंडसेन. सुमारे सोळा वर्षांनी, १४ डिसेंबर १९११ रोजी, दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या पहिल्या तुकडीचा तो म्होरक्या होता.

अमुंडसेनला दैवाने साथ दिली, स्कॉटला दिली नाही, असा एक समज आजही आढळतो. अमुंडसेनच्या चरित्राकडे नीट पाहिले तर मात्र वेगळेच चित्र दिसते. वाट अनोळखी असेल तर ती चुकणारच, हे त्याने त्या पठारावर जिवावर बेतल्यानंतर गृहीत धरले. चुकल्यावरही माणूस परत येऊ शकेल अशी तरतूद आधी करायची, एवढेच मग आपल्या हाती उरते. त्याची सारी कीर्ती या हिशेबावर उभी आहे, आणि ज्या दोन प्रसंगी त्याने हा हिशेब बाजूला ठेवला, ते दोन्ही प्रसंग त्याला महागात पडले.

१६ जुलै १८७२ रोजी बोर्गे येथे एका जहाजमालकाच्या घरात त्याचा जन्म झाला. मुलाने डॉक्टर व्हावे अशी आईची इच्छा होती, आणि तिच्या समाधानासाठी तो वैद्यकाच्या वर्गात बसतही होता. मन मात्र तेथे नव्हते. इंग्रज दर्यावर्दी जॉन फ्रँकलिन याच्या आर्क्टिकमधील हालअपेष्टांची वर्णने वाचून त्याने लहानपणीच आपली वाट ठरवली होती. १८९३ मध्ये आई वारली आणि एकवीस वर्षांच्या रोआल्डने पुस्तके मिटली.

पुढची दहा-बारा वर्षे ही त्याची खरी उमेदवारी. १८९७ ते १८९९ या काळात तो 'बेल्जिका' या जहाजावर होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून तेथेच हिवाळा काढावा लागलेले हे पहिले जहाज. खलाशांना स्कर्व्हीने ग्रासले, काहींची मने ढळली. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक याने सील आणि पेंग्विन यांचे ताजे मांस खायला लावले तेव्हा माणसे सावरली. हा धडा अमुंडसेन विसरला नाही.

१९०३ मध्ये, सावकारांचा ससेमिरा चुकवण्यासाठी मध्यरात्री नांगर उचलून, तो 'योआ' या सत्तेचाळीस टनी मासेमारी बोटीतून सहा सोबत्यांसह निघाला. अटलांटिकमधून उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिकला पोहोचणारा वायव्य मार्ग त्याने १९०६ पर्यंत पार केला. त्याआधी तो कोणीही जहाजाने पुरा केला नव्हता. या प्रवासात किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे मुक्काम पडला आणि तेथील नेत्सिलिक एस्किमोंकडे (आज त्यांना इनुइट म्हणतात) अमुंडसेन शिष्यासारखा शिकत राहिला. कातडी कपडे अंगाला सैल हवेत, कारण घाम आला की तोच गोठून जीव घेतो. स्लेजच्या धावांवर बर्फाचा पातळ थर चढवला की ती हलकी पळते. कुत्र्यांना हाकायचे कसे आणि थांबायचे केव्हा, हेही तो तेथेच शिकला. ज्यांना युरोप तेव्हा रानटी म्हणत होता त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसणे ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती.

१९०९ च्या सप्टेंबरात कुक आणि पिअरी या दोघांनीही उत्तर ध्रुव गाठल्याचे दावे केले. अमुंडसेन त्या वेळी उत्तरेच्याच मोहिमेची तयारी करत होता. नान्सेनकडून त्यासाठी 'फ्राम' हे जहाजही मिळाले होते. त्याने मनातल्या मनात जहाजाचे तोंड दक्षिणेकडे वळवले आणि ही गोष्ट नान्सेनपासून, देणगीदारांपासून, जवळजवळ सर्व खलाशांपासून लपवून ठेवली. लिऑनला मात्र ती ठाऊक होती. सप्टेंबर १९१० मध्ये मदिरा बेटावर सर्वांना खरे सांगितले गेले आणि मागाहून स्कॉटला तार गेली. ही लपवाछपवी सभ्यपणाची नव्हती, हे मान्यच केले पाहिजे.

जानेवारी १९११ मध्ये 'फ्राम' देवमाशांच्या उपसागरात, म्हणजे बे ऑफ व्हेल्समध्ये पोहोचले. येथे जमीन नाही. समुद्रावर तरंगणारा बर्फाचा अजस्र थर आहे, आणि त्याच्या कडा तुटून वाहून जातात. अशा जागी घर बांधणे हा वेडेपणा वाटावा. पण जेम्स रॉस याने १८४२ च्या सुमारास केलेल्या नोंदी अमुंडसेनने बारकाईने वाचल्या होत्या. इतक्या वर्षांत हा उपसागर फारसा हललेला नाही, तेव्हा येथील बर्फ खाली कोठेतरी टेकलेला असावा, असे त्याचे अनुमान होते. ते कारण पुरते बरोबर नव्हते. तळ मात्र टिकला. येथून ध्रुव स्कॉटच्या तळापेक्षा सुमारे शंभर किलोमीटर जवळ होता.

पण दक्षिणेकडची ती वाट कोणीच पाहिलेली नव्हती. शॅकलटनने शोधलेल्या मार्गाने स्कॉट जाणार होता, अमुंडसेनपुढे नकाशाचा कागद कोराच होता. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्याच्या माणसांनी ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर मिळून सुमारे तीन टन शिधा आणि इंधन नेऊन ठेवले. एखाद्या सपाट पांढऱ्या वाळवंटात खुणेचा एक झेंडा धुक्यात सापडणे अशक्य, हे जाणून त्याने साठ्याच्या ठिकाणी वाटेला आडवी झेंड्यांची ओळ रोवली. दोन्ही बाजूंना दहा-दहा झेंडे, एकमेकांपासून सुमारे नऊशे मीटरवर, म्हणजे एकूण अठरा किलोमीटरचे कुंपणच. प्रत्येक झेंड्यावर क्रमांक, त्यावरून साठा कोणत्या हाताला आणि किती दूर हे कळे. आठ-नऊ किलोमीटर वाट चुकली तरी माणूस या ओळीला धडकणारच. एका फेरीत खुणांचे सामान अपुरे पडले तेव्हा सुके मासे बर्फात उभे रोवून काम भागवले गेले.

हिवाळ्याच्या अंधारात बर्फाखाली खोदलेल्या खोल्यांत कामे चालू होती. ब्यालँड या कसबी सुताराने स्लेज रंधून रंधून हलक्या केल्या. योहान्सनने बिस्किटे मोजून पेट्यांत अशी रचली की रिकामी जागा राहू नये. पेट्यांना वर गोल झाकणे बसवली. त्यामुळे स्लेजचे दोर न सोडता हवी ती वस्तू काढता येई, आणि गोठलेल्या बोटांनी गाठी सोडणे काय असते हे ज्याला माहीत आहे त्यालाच याचे मोल कळेल. रॉकेलचे डबे झाळून पक्के बंद करण्यात आले. थंडीत डब्यांची बुचे आकसतात आणि रॉकेल उडून जाते, हे त्याला आधीच्या प्रवासातून ठाऊक होते. स्कॉटच्या साठ्यांतील डब्यांना चामड्याच्या चकत्या होत्या. परतीच्या वाटेवर त्यांत रॉकेल कमी भरले.

हे सारे करूनही उतावळेपणा आडवा आलाच. स्कॉटकडे मोटारीवर चालणाऱ्या स्लेज आहेत, ही गोष्ट अमुंडसेनला सतावत होती. ८ सप्टेंबर १९११ रोजी, वसंत नीट लागण्यापूर्वीच, आठ माणसे आणि ८६ कुत्री घेऊन तो निघाला. काही दिवसांतच पारा उणे ५६ अंशांपर्यंत उतरला. होकायंत्रातील द्रव गोठला, कुत्र्यांचे पंजे फुटले. ८० अक्षांशावर ओझे उतरवून परत फिरावे लागले. शेवटच्या दिवशी तर अमुंडसेन दोघांसह वेगाने पुढे निघून गेला आणि मागच्यांची पांगापांग झाली. प्रेस्ट्रुडचे पाय गोठले होते. त्याला योहान्सनने, जवळ अन्न वा शेगडी काहीही नसताना, मध्यरात्रीनंतर तळावर आणून पोहोचवले.

याल्मार योहान्सन हा कोणी नवखा नव्हता. नान्सेनसोबत १८९५ मध्ये त्याने उत्तरेत ८६ अंशांपलीकडे मजल मारली होती. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्याने सर्वांसमक्ष म्होरक्याला दोष दिला. त्याचे म्हणणे खरे होते. अमुंडसेनने ते सहन केले नाही. योहान्सनला ध्रुवाच्या तुकडीतून वगळून दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या कामगिरीवर पाठवण्यात आले. मोहीम संपल्यावर तो मानाने घरी परतलाच नाही. जानेवारी १९१३ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. अमुंडसेनच्या चरित्रातील हा डाग पुसता येत नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच जण, चार स्लेज आणि ५२ कुत्री असा तांडा पुन्हा निघाला. अमुंडसेनबरोबर ब्यालँड, हॅसल, हॅन्सेन आणि विस्टिंग होते. वाटेत त्यांनी बर्फाचे चिरे कापून सहा फूट उंचीचे दीडशे मनोरे रचले. त्यासाठी नऊ हजार चिरे लागले. प्रत्येक मनोऱ्यात एक चिठ्ठी, तीत मनोऱ्याचा क्रमांक आणि मागच्या मनोऱ्याची दिशा व अंतर. पुढे जाताना खर्ची पडलेला हा वेळ परतीसाठी गुंतवलेला होता. ८२ च्या पुढेही प्रत्येक अंशावर शिधा ठेवत ते गेल्याने ओझे हलके होत गेले. नोव्हेंबरात डोंगररांग आडवी आली. कोणी न पाहिलेल्या एका उभ्या हिमनदीवरून ते चार दिवसांत पठारावर चढले. तिला पुढे आक्सेल हायबर्ग असे नाव मिळाले.

वर पोहोचल्यावर चोवीस कुत्री मारण्यात आली. हे निघण्यापूर्वीच ठरलेले होते. किती कुत्री कोठवर ओढतील आणि कोठे त्यांचे मांस उरलेल्या कुत्र्यांच्या व माणसांच्या पोटात जाईल, याचा आकडा कागदावर मांडलेला होता. महिनोन् महिने ज्यांना हाताने चारले त्यांना गोळी घालताना ती माणसेही हेलावली, आणि त्या मुक्कामाला त्यांनी खाटीकखाना असेच नाव दिले. स्कॉटला कुत्र्यांबाबत असा हिशेब मांडणे रुचत नव्हते. त्याबद्दल त्याला हसण्याचे कारण नाही.

१४ डिसेंबरला ध्रुव आला. तरीही अमुंडसेनचा आपल्या मोजमापावर पुरता विश्वास नव्हता. त्याने तिघांना तीन दिशांना सुमारे अठरा किलोमीटर पाठवले, म्हणजे मोजणीत थोडी चूक असली तरी ध्रुव त्या घेऱ्यात यावा. मागे एक छोटा तंबू आणि नॉर्वेच्या राजासाठी पत्र ठेवून ते फिरले. स्कॉट तेथे पोहोचला तो १७ जानेवारी १९१२ रोजी. त्यानंतर आठवडाभराने, २५ जानेवारीला, अमुंडसेनची पाचही माणसे ११ कुत्र्यांसह तळावर सुखरूप आली होती. सुमारे तीन हजार किलोमीटर, ९९ दिवस.

स्कॉटच्या मोटार-स्लेजचे काय झाले? तीनपैकी एक जहाजातून उतरवतानाच समुद्रावरील बर्फ फुटून बुडाली. उरलेल्या दोन ऑक्टोबरअखेर निघाल्या आणि ऐंशी-एक किलोमीटरच्या आत दोन्हींची इंजिने निकामी झाली. त्या यंत्रांच्या जडणघडणीत ज्याचा हात होता तो अभियंता रेजिनाल्ड स्केल्टन याला मोहिमेत घेतलेच नव्हते. स्कॉटची कल्पना मात्र काळाच्या पुढे होती. गुलमर्ग किंवा सोलंग खोऱ्यात आपले पर्यटक ज्या स्नो-स्कूटरवर दहा मिनिटांची फेरी मारतात ती त्याच कल्पनेची नात म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये गोव्याच्या अंटार्क्टिक संशोधन केंद्राचे रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांचे भारतीय पथक 'मैत्री' तळावरून ध्रुवावर पोहोचले, तेही मोटारवाहनांनीच. अनोळखी बर्फात अशा यंत्रावरून काही दिवसांच्या प्रवासाला निघणाऱ्याला आजही तेच प्रश्न सोडवावे लागतात: इंधन कोठे ठेवायचे, यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार, आणि खूण दिसली नाही तर काय करायचे. स्कॉट व त्याचे दोन सोबती मार्च १९१२ मध्ये ज्या तंबूत गेले तेथून मोठा साठा सुमारे अठरा किलोमीटरवर होता, आणि तो साठाही मूळ बेतापेक्षा पन्नासहून अधिक किलोमीटर अलीकडेच ठेवावा लागला होता. त्या वर्षीच्या मार्चमधील थंडीही नेहमीपेक्षा कडक होती, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

अमुंडसेनचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. १९२४ मध्ये तो दिवाळखोर ठरला. ज्या लिऑनने त्याला पठारावर बर्फातून उकरून काढले होते त्याच्याशीही पैशांवरून कायमचे बिनसले. १९२५ मध्ये दोन विमानांनी तो उत्तरेत ८८ अंशांच्या जवळ पोहोचला आणि एक विमान बर्फावरच सोडून देऊन सहाही जणांना परत घेऊन आला. १९२६ च्या मे महिन्यात 'नॉर्गे' या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून उड्डाण झाले. त्या जहाजाचा शिल्पकार उंबेर्तो नोबिले हा इटालियन होता. श्रेय कोणाचे, यावरून दोघांचे हाडवैर जडले.

२५ मे १९२८ रोजी नोबिलेचे 'इटालिया' हे हवाई जहाज स्वालबार्डच्या ईशान्येस बर्फावर कोसळले. शोधाला जायचे का, असे विचारताच अमुंडसेनने क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला. मग राजकारण आडवे आले आणि नॉर्वेच्या अधिकृत मोहिमेत त्याला स्थान उरले नाही. पंचावन्न वर्षांच्या या माणसाला घरी बसवेना. अखेर फ्रेंच नौदलाचे 'लाथाम ४७' हे विमान मिळाले. ते पाण्यावर उतरणारे होते. बर्फासाठी बांधलेले नव्हते. त्यात अवघड ओझे भरले होते, हवामान बरे नव्हते, आणि दुसऱ्या विमानाची सोबत घ्यावी ही सूचनाही मानली गेली नाही. ज्याने दीडशे मनोरे रचून परतीची वाट राखली होती त्याने १८ जून १९२८ रोजी दुपारी ट्रॉम्सो सोडले, तेव्हा मागे एकही खूण नव्हती. वैमानिक डिट्रिक्सन आणि चार फ्रेंच सोबती त्याच्याबरोबर होते. काही तासांनी त्यांचे बिनतारी संदेश थांबले.

सहा दिवसांनी एका स्वीडिश वैमानिकाने नोबिलेला बर्फावरून उचलून आणले. ऑगस्टअखेर विमानाचा एक तरंडा समुद्रात मच्छीमारांना सापडला. २००४ आणि २००९ मध्ये नॉर्वेच्या नौदलाने तळाशी शोध घेतला. हाती काही लागले नाही.