वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी वेदीवरून जे शुभवर्तमान वाचले जाते, ते आपणां सर्वांस परिचित आहे. अरण्यात चाळीस दिवस उपोषित असलेल्या प्रभू येशूपुढे सैतान तीन वेळा उभा राहिला, आणि तिन्ही वेळा प्रभूने स्वतःची युक्ती न लढविता अनुवादाच्या ग्रंथातील वचनाने त्यास निरुत्तर केले. हे देवपुत्रासच शक्य, शेतीभातीत गुंतलेल्या आम्हां संसारी जनांस ते कोठून साधणार, अशी शंका कुहीच्या एखाद्या भाविकाच्या मनात आल्यास नवल नाही. त्या शंकेच्या निरसनार्थ एका व्यापाऱ्याचे चरित्र येथे सादर करीत आहोत.

नागपूर प्रांती सुवार्ता आणणारे धर्मगुरू सॅव्हॉय देशीचे, आणि 1887 साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताचे महामंदिर त्यांच्याच देशीच्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांस वाहिलेले. त्यामुळे परदेशी संतांची नावे आपल्या मुलांच्या जिव्हाग्री असतात. परंतु महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या संताचे नाव विचारले असता तीच मुले स्तब्ध राहतात, याची आम्हांस खंत वाटते.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. 1557 च्या सुमारास वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, माता कोकणातील. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय गुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, 1572 साली, ते आपल्या गुरूंसमवेत जहाजाने जपान देशी गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की धर्मशिक्षक या नात्याने सुमारे आठ वर्षे ते धर्मगुरूंचा उजवा हात होऊन राहिले.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाही. मोहाचे खरे स्थान येथे आहे असे आम्हांस वाटते. पापाच्या आमिषाने जो डगमगत नाही, तोही मंदिराच्या दाराशी झालेल्या निराशेने खचतो. देवास माझे प्रयोजन नाही, मग मला देवाचे काय, असे मनाशी म्हणून कित्येक जण प्रार्थना सोडून बसतात. गोन्सालो व्यापारात शिरले, त्यात त्यांस यश आले आणि बऱ्यापैकी संपत्तीही लाभली. परंतु आठ वर्षे ज्याने शुभवर्तमान इतरांस शिकविले, त्याच्या अंतःकरणातून ते जावे कसे? मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, हे प्रभूचे उत्तर त्यांच्या आयुष्यात खरे ठरले. पुढे व्यापार टाकून ते फिलिपाईन बेटांतील मनिला नगरीत फ्रान्सिस्कन मठात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून.

1593 साली मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली एक वकिलात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे गेली, तीत गोन्सालो दुभाषे होते. हिदेयोशीने 1587 मध्येच धर्मप्रचारकांस हद्दपारीची आज्ञा केली होती, आणि आता फिलिपाईन बेटांनी आपले मांडलिकत्व पत्करावे अशी त्याची मागणी होती. दरबारात दुभाष्याचे काम किती अवघड! एखादा शब्द गाळावा, एखादा गोड करावा, की सत्ताधीश प्रसन्न. प्रसन्नता लाभलीही. क्योटो नगरीत या संन्याशांस जागा मिळाली. तेथे त्यांनी काय केले? मठ व देऊळ बांधले आणि महारोग्यांसाठी रुग्णालये उघडली. राजाश्रयाचा असा विनियोग विरळा.

1596 च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नामक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागले. त्याच्या जप्तीवरून उठलेल्या वादात हिदेयोशीचा रोष ख्रिस्ती जनांवर कोसळला. 8 डिसेंबर रोजी मठाभोवती पहारे बसले. 3 जानेवारी 1597 रोजी कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढली गेली. पुढे ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत शेकडो कोस नेण्यात आले. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे पकडले गेले. अशा रीतीने सव्वीस झाले : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक.

धर्म सोडल्यास प्राण वाचतील, हे आमिष तेथे होतेच. बारा वर्षांच्या लुईस नामक बालकास एका अंमलदाराने ते उघड दाखविले. बालकाने ते नाकारले. तेरा वर्षांच्या अंतोनियोचे मातापिता टेकडीवर येऊन रडत होते. हा मोह सर्वांत कठीण, कारण तो प्रेमाच्या मुखाने बोलतो.

5 फेब्रुवारीस ते टेकडीवर पोहोचले तेव्हा क्रूस जमिनीवर मांडलेले होते. परंपरा सांगते की गोन्सालो त्यांपैकी एकाकडे थेट गेले, हाच माझा का असे विचारून गुडघे टेकले आणि त्यास आलिंगन दिले. क्रूस उभारले गेल्यावर अंतोनियोने परमेश्वराच्या सेवकांस स्तुतीस बोलावणारे स्तोत्र आरंभिले. ज्यांना उपदेश करावयास अवसर उरला नव्हता, त्यांच्या मुखी स्तोत्रसंहिता होती. ती त्या क्षणी पाठ केलेली नव्हती. मठात नित्य, पहाटे व सायंकाळी, कोणी पाहत नसताना म्हटलेली होती. मग भालाइतांनी आपले काम केले.

पोप आठवे उर्बन यांनी 1627 साली त्यांस धन्यवादित घोषित केले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांस संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत ते हेच. वसईचा किल्ला 1739 साली मराठ्यांच्या हाती गेला, त्यातील देवळे भग्न झाली; परंतु जवळच गास या गावी त्यांच्या नावाचे देऊळ आहे, आणि किल्ल्यातील त्या जुन्या भिंतींकडे भाविकांची पावले आजही वळतात.