योजनेच्या नावामागचे ठक्करबाप्पा

महाड-पोलादपूरकडे, कशेडी घाटाच्या अंगाला, आदिवासी वाडीला रस्ता, गटार किंवा समाजमंदिर हवे असले की ग्रामपंचायतीत एक नाव निघतेच – ठक्करबाप्पा योजना. ठराव होतो, प्रस्ताव जातो, काम मंजूर झाले तर बिलही निघते. पण हे ठक्करबाप्पा कोण, असे विचारले तर बरेच जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म २९ नोव्हेंबर १८६९, भावनगरचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून ते इंजिनिअर झाले. रेल्वेत, संस्थानांत नोकऱ्या केल्या. युगांडा रेल्वेच्या कामावर थेट आफ्रिकेत जाऊन आले. सांगली संस्थानातही होते. पुढे मुंबई पालिकेत लागले. शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या रेल्वेवर त्यांची देखरेख असे. तिथे सफाई कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. घाणीत राहणे, डोक्यावर सावकाराचे कर्ज आणि पोरांना शाळा नाही. चांगल्या पगाराची नोकरी असून माणसाला चैन पडेना. १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला आणि नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. वय पंचेचाळिशीला आलेले. या वयात लोक घर बांधतात, यांनी घर सोडले.

पंचमहालात दुष्काळ पडला तेव्हा ते मदतीच्या कामाला गेले. दाहोद भागातल्या भिल्लांची अवस्था पाहून ते तिथेच राहिले. दुष्काळात धान्य वाटून माणूस जगतो, पण पुढच्या वर्षी सावकार पुन्हा दारात उभाच. कागदावर काय लिहिले ते वाचता येत नाही, तोवर अंगठा उठतच राहणार. म्हणून १९२२ साली त्यांनी भिल्ल सेवा मंडळ काढले. देणग्या मागून शाळा आणि आश्रम उभे केले. मीराखेडीचा आश्रम हा त्यांतलाच.

इथे त्यांची खरी दृष्टी दिसते. भिल्लांची घरे डोंगरावर विखुरलेली, पोरे गुरांमागे. अशा ठिकाणी नुसती इमारत बांधून भागत नाही. म्हणून पोराला राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि त्याच्याबरोबर राहणारा शिक्षक, अशी बांधणी झाली. देणगीचा पैसा लोकांचा, म्हणून हिशेबाला ते कडक होते. इंजिनिअरचा हात होता, कच्चे काम चालत नसे.

१९३२ पासून हरिजन सेवक संघाचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. उतारवयातही देशभर हिंडत राहिले. घटना समितीत आदिवासी भागांचा विचार करणाऱ्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. १९४८ साली भारतीय आदिमजाती सेवक संघ काढला. जानेवारी १९५१ मध्ये भावनगरलाच त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडचे बघा. रायगडातले कातकरी सरकारदरबारी आदिम जमातीत मोडतात. दिवाळी झाली की बरीच कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पोर आईबापाबरोबर गेले की शाळा सुटली. दानशूर मंडळी येतात, खोली बांधून देतात, दप्तरे वाटतात. चांगलेच आहे. पण भट्टीच्या सहा-सात महिन्यांत ते पोर कुठे झोपणार, काय खाणार, हे ठरले नाही तर त्या खोलीला कुलूपच लागते.

सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी यांनी दिवाळीआधी एकदा वाडीवर बसावे. कोणते घर जाणार, कोणते पोर मागे राहू शकते, त्याला आश्रमशाळेत घालायचे की आजीजवळ ठेवायचे, याची यादी करावी. त्याला निधी लागत नाही. बाप्पांच्या नावाचा रस्ता वाडीपर्यंत गेला असेल, तर त्या रस्त्याने पोर शाळेतही गेले पाहिजे.