सवाई गंधर्व

सवाई गंधर्वांचे खरे नाव रामभाऊ कुंदगोळकर. त्यांचा जन्म १८८६ साली झाला. गाव कुंदगोळ, जिल्हा धारवाड.

लहानपणी त्यांचा गळा गोड होता. पण मोठे होताना आवाज फुटला नि गळा वळेचना. मग गुरू अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्यांनी फार मेहनत केली. माझाही आवाज चिरका आहे, म्हणून मी हे दोनदा वाचले.

पुढे ते मराठी नाटकात गेले. बायकांची कामे सुद्धा करायचे! लोक त्यांना सवाई गंधर्व म्हणू लागले. सवाई म्हणजे सव्वापट. आमचे आजोबा सवायकी म्हणतात, त्यावरून मला कळले.

गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने त्यांच्याकडे शिकायला येत. भीमसेन जोशी त्यांच्या घरी राहून घागरीने पाणी भरत.

मग सवाई गंधर्वांना लकवा झाला. मैफिली बंद पडल्या. १९५२ साली ते वारले.

१९५३ साली पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीला गाणे झाले. त्याचाच मोठा महोत्सव झाला. आता तो डिसेंबरात असतो. तिथे वाजवणे नि नाच पण असतो. शेवटी भीमसेन गायचे. २०११ साली तेही गेले. आता महोत्सवाला दोघांचे नाव आहे. आधी गुरूचे, मग शिष्याचे.