भास्कराचार्य आणि अंकपाश

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड येथील महेश्वर हे त्यांचे पिता व गुरू. इ. स. ११५० मध्ये, ३६ व्या वर्षी, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. 'लीलावती' हा त्याचाच भाग. तिच्या अखेरच्या अंकपाश प्रकरणात मोजणीची कूटे आहेत. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी धरविता येतील? एकापासून दहापर्यंतच्या अंकांचा गुणाकार केला की ३६,२८,८०० हे उत्तर मिळते. हरीच्या चार हातांचे प्रकार २४. मूर्तिशास्त्रातही विष्णूच्या चोवीस मूर्ती आयुधक्रमानेच ओळखल्या जातात.

लीलावती ही आचार्यांची दुर्दैवी कन्या, ही कथा फैजीच्या १५८७ मधील फारसी अनुवादामुळे रूढ झाली. मूळ ग्रंथात तिला आधार नाही. तेथे प्रश्न पुसला जातो तो कधी हरिणाक्षी बालेला, कधी मित्राला, कधी गणकाला. छंदोबद्ध प्रश्नातून शिष्याची बुद्धी जागविणारा हा शिक्षक-कवी त्या कथेने झाकोळला गेला.

६९ व्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापिला; १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो.