महागडा कॅमेरा घ्यावा का? फाळक्यांच्या ५० पौंडांचा हिशोब

गेले पंधरा दिवस माझ्या मोबाइलवर एक टॅब उघडाच आहे. नवा कॅमेरा, बारा महिन्यांचा ईएमआय. मी लालबागचा. गणपतीचे फोटो फोनवरच काढतो आणि दिवसा भागतंही. पण रात्रीच्या मिरवणुकीत दिवे, धूर आणि गुलाल एकत्र आले की फोटोचा पार चिखल होतो. ऑफिसला जाताना दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रोडची पाटी दिसते. म्हटलं, ज्या माणसाने विम्याची पॉलिसी गहाण टाकून सिनेमाचं सामान आणलं, त्याचा हिशोब तरी बघू.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून छपाईचा धंदा केला, १९०९ मध्ये यंत्रांसाठी जर्मनीला जाऊन आले. पुढे तो धंदाही भागीदारांशी न पटल्याने सुटला. १९११ साली गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तेव्हा वय चाळीस ओलांडलेलं, घरात बायको-मुलं, हातात नोकरी नाही.

आपण असतो तर थेट सर्वात भारी मॉडेल शोधलं असतं. फाळक्यांनी आधी आणला खेळण्यातला प्रोजेक्टर, थोडी रिळं, कॅटलॉग आणि पुस्तकं. रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडून ते ती यंत्रणा समजून घेत बसायचे. शिवाय रोज तासन्‌तास थिएटरात. झोप नाही, डोळ्यांवर सतत ताण, आणि त्यात दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली, म्हणून पुढची गोष्ट घडली.

१ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. १२,००० रुपयांच्या पॉलिसीवर १०,००० चं कर्ज उचललेलं. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाला गाठलं, त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत जाऊन काम शिकले. आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, ५० पौंडांना. तेव्हा पौंड म्हणजे १५ रुपये. म्हणजे ७५० रुपये. (याच मुंबईतल्या सावे दादांनी तेराएक वर्षं आधी विलायतेतून कॅमेरा मागवला होता, २१ गिनींना, म्हणजे निम्म्याहून कमी किमतीत. त्यावर त्यांनी हँगिंग गार्डनची कुस्ती टिपली.)

आता त्या ५० पौंडांत काय मिळालं? एक लाकडी पेटी, लेन्स आणि हाताने फिरवायचा दांडा. ऑटोफोकस नाही, उजेड मोजायचं काही नाही. दांडा फिरवला की आतला आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात अडकून ती खाली ओढतो, क्षणभर थांबवतो, पुन्हा ओढतो. मूकपटात साधारण सेकंदाला सोळा वेळा. फिल्म दर वेळी अचूक त्याच जागी थांबली पाहिजे. केसभर सरकली तरी पडद्यावर ती चूक शेकडो पटींनी मोठी होते आणि सगळं चित्र थरथरतं. पैसे होते ते या स्थिरपणाचे. आपल्या फोनमध्ये हे काम सॉफ्टवेअर फुकटात करतं. तेव्हा शूट झालेलं थरथरणारं चित्र नंतर सुधारायची सोयच नव्हती. म्हणून मला ते ७५० रुपये वसूल वाटतात.

पण गंमत बघा, ७५० म्हणजे कर्जाच्या साडेसात टक्के. कोडॅकची कच्ची फिल्म यायची ती बिनभोकांची, त्यासाठी भोकं पाडायचं वेगळं यंत्र घ्यावं लागलं. आणि ते चालवायचं मिट्ट काळोखात. दादरच्या मथुरा भवनात हे काम करायच्या त्यांच्या पत्नी, सरस्वतीबाई. भोक वाकडं पडलं की विल्यमसनचा स्थिरपणा गेला पाण्यात! फिल्म धुण्याची रसायनं त्या कालवायच्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, आणि शूटिंगला भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. पैसे कमी पडले तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले. कॅमेऱ्याच्या किमतीत यातलं काहीच धरलेलं नसतं.

तारामतीसाठी बाई मिळेना, तर ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. चार रिळं, ३,७०० फूट.

पुढे ‘लंका दहन’ला पैशांचा पाऊस पडला. मग बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले.

माझा टॅब अजून उघडा आहे. रात्रीच्या उजेडाला मोठा सेन्सर लागतो, ते सॉफ्टवेअरने पूर्ण भरून निघत नाही, हे इंजिनिअर म्हणून मला मान्य आहे. पण गणपतीला अजून वेळ आहे. या शनिवारी भावाला चाळीच्या गच्चीवर उभा करणार आहे, आईची पांढरी चादर घेऊन. फोन तोच जुना.